कानबाईचा रोट आणि छातीतली नळी

डॉक्टरांनी माझ्या लेकीच्या दोन बरगड्यांच्या मध्ये सुई घातली आणि सिरिंजमध्ये दूध आलं. पाणी येईल, रक्त येईल, पूसुद्धा येईल, एवढी मनाची तयारी करून मी तिचा हात धरून बसले होते. दुधाची तयारी नव्हती. माझ्या मोडक्यातोडक्या गुजरातीत मी सांगून टाकलं की सकाळी तिनं पेलाभर दूध घेतलंय, तेच आलं असेल. डॉक्टर सुरतचेच, पन्नाशीचे, कमी बोलणारे. ते हसले नाहीत. सिरिंज खिडकीच्या उजेडात धरून म्हणाले, "एक रीते तमारी वात साची छे, बेन." एका अर्थी तुमचं बरोबर आहे. इतकं अडाणी बोलून बरोबर ठरण्याची ती माझी पहिलीच वेळ.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आम्ही सुरतेत नवागामला एका खोलीत राहत होतो. आमचे हे लूमवर बारा तासांची पाळी करायचे आणि मी घरी बसून साड्यांचे सुटलेले धागे कापत असे. आमच्या गल्लीत निम्मी घरं खानदेशातली, त्यामुळे गाव सोडून आल्यासारखं फारसं वाटत नसे. लेक पाच वर्षांची, एकुलती एक, आणि जन्मापासून निळी. तिच्या हृदयात भोक होतं आणि फुप्फुसांकडे जाणारी वाट अरुंद होती. चार पावलं चालली की ती उकिडवी बसायची आणि ओठ जांभळे व्हायचे. शेजारणी म्हणायच्या, पोर किती गुणाची, कुठं पळत नाही. 

आषाढात मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयात तिचं ऑपरेशन झालं. त्या लोकांचे उपकार मी कोणत्या तोंडानं सांगू. तिला बाहेर आणलं तेव्हा मी आधी तोंड पाहिलं नाही, नखं पाहिली. ती गुलाबी होती. आमचे हे भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बराच वेळ वळलेच नाहीत. ऑपरेशनला नेण्याआधी मी कानबाईला नवस बोलले होते, की पोर हातीपायी धड परत दे, यंदा श्रावणात तिच्या नावानं रोट घालीन. कानबाई म्हणजे आमच्या खानदेशी माणसांची श्रावणातली देवी. नागपंचमीनंतरच्या रविवारी ती घरोघर बसते, आणि तिच्या नैवेद्याच्या पोळ्या म्हणजे रोट.

घरी आल्यावर गल्लीनं पोरीला नुसतं डोक्यावर घेतलं. कुणी शिरा आणला, कुणी डिंकाचे लाडू, कुणी घरचं लोणी कढवून तूप. कापलेली छाती भरून यायला पाहिजे, पोरीनं अंग धरायला पाहिजे, यावर सगळ्यांचं एकमत. मी तर भातात तूप घालत नव्हते, तुपात भात घालत होते. पोरगीही खात होती. जन्मात पहिल्यांदा न दमता जेवत होती ती. दहाव्या दिवशी तिला आडवं झोपवेना. उशा लावून बसवलं तरी धाप लागायची. आम्ही रिक्षा केली आणि सुरतच्या रुग्णालयात आलो. एक्स-रेमध्ये छातीची उजवी बाजू पांढरीफटक होती, आणि मग ती सुई आणि ते दूध.

डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं. आपण खातो त्यातली चरबी आतड्यातून सरळ रक्तात जात नाही. तिची वेगळी बारीक वाट असते. पांढरा रस त्या वाटेनं छातीतून वर चढतो आणि मानेपाशी रक्ताला मिळतो. ऑपरेशनच्या वेळी त्या वाटेला कुठंतरी इजा झालीय. यात कुणाची चूक नाही, इतक्या बारीक नळ्या डोळ्यांना दिसतही नाहीत. पण आता खाल्लेलं तूप-दूध फुप्फुसाभोवती सांडतंय, आणि त्याच्याबरोबर अंगाला लागणारं सत्त्वही वाहून जातंय.

मला निम्मं कळलं. आमच्या ह्यांना मात्र एकदम कळलं. लूमवर लागण्याआधी त्यांनी बारडोलीकडे दोन हंगाम ऊसतोड केली होती आणि तिथले कालवे पाहिले होते. ते डॉक्टरांना म्हणाले, "म्हणजे कालवा फुटलाय. वरून पाणी चालू असलं तर फूट बुजत नाही. आधी वरचं दार खाली पाडून पाणी अडवावं लागतं."  डॉक्टर म्हणाले की हेच मी उद्यापासून शिकाऊ डॉक्टरांना सांगणार.

दार पाडणं म्हणजे चरबी बंद. बरगड्यांमधून नळी घालून ती खाली पाण्याच्या बाटलीत सोडली. डॉक्टरांनी मुंबईला फोन केला आणि ठरलं की तीन आठवडे वाट पाहायची. त्यात गळती थांबली तर ठीक. नाही थांबली तर पोरीला परत मुंबईला न्यायचं, पुन्हा छाती उघडायची आणि ती वाट शोधून बांधून टाकायची. अंगातलं सत्त्व आधीच वाहून गेलेलं, त्यात दुसरं ऑपरेशन. पोर ते सोसेल का, असं मी विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एटले ज राह जोवी छे." म्हणूनच वाट पाहायची आहे. त्या दिवसापासून आमचं सगळं जगणं त्या बाटलीवर येऊन थांबलं.

तूप बंद, दूध बंद, शेंगदाणे बंद, तीळ बंद, तेल बंद. खानदेशी बाईला हे सांगणं म्हणजे चूल बंद कर म्हणण्यासारखंच. आमच्याकडे भाजीवर बोटभर तवंग नसला तर पाहुणा समजतो की घरात भांडण झालंय. वर डॉक्टर म्हणाले, अंड्याचा पांढरा भाग रोज द्या, आणि तेल लागलंच तर थोडं खोबरेल चालेल. त्यातलं बरंचसं त्या फुटक्या वाटेनं न जाता आतड्यातून सरळ रक्तात जातं. श्रावण तोंडावर आला होता. अंड्याचं मी देवाला सांगितलं की तू जरा तिकडं बघ. पण खोबरेल? मी ह्यांना म्हटलं, "ते डोकाले लावानं तेल शे, खावानं नही." माझा स्वभावच असा आहे की नवीन काही सांगितलं की आधी नाही म्हणायचं आणि मग कारण शोधायचं.

वॉर्डात एक केरळची सिस्टर होती. काळीसावळी, चाळिशीची, चालताना चपलांचा आवाज न करणारी. तिनं माझं बोलणं ऐकलं, तिला ते कळलंही. दुपारी स्वतःचा डबा आणून माझ्यासमोर उघडला. त्यात भात होता आणि खोबरेलाची फोडणी दिलेली दुधी-मुगाची भाजी. "खाओ," ती म्हणाली. "हमारे यहाँ सब इसी में पकता है। बाल में तो बाद में लगाया।" मी नाक मुरडून एक घास घेतला. सांगायला नको, चांगला लागला. तेही मी तिला सांगितलं नाही. तिनं मोजून दिलेलं तेवढं तेल घेऊन मी रुग्णालयामागच्या शेडमध्ये स्टोव्हवर मुगाचं वरण केलं. लेकीनं विचारलं, "माय, डोकानं तेल टाकं का?" आणि सगळं संपवलं.

रोज सकाळी सिस्टर बाटलीवर चिकटपट्टीचा तुकडा लावायची आणि पेनानं रेघ मारायची. पहिले चार दिवस रेघ वर होती. मग ती उतरायला लागली. पांढरा रस फिका झाला, मग पाणी घातलेल्या उसाच्या रसासारखा पिवळट, आणि बाराव्या दिवशी तळाला जेमतेम थोडं पाणी आलं. शनिवारी डॉक्टर म्हणाले, असंच राहिलं तर मंगळवारी नळी काढू. मी सिस्टरचे हात धरले. ती म्हणाली, अभी नहीं, मंगल को. तिच्या या हिशेबीपणाचा तेव्हा मला राग आला होता.

दुसऱ्या दिवशी कानबाई बसली. आमच्या भाऊबंदांची कानबाई सुरतेतच गोडादऱ्याला मोठ्या दिरांच्या घरी असते. लेकीपाशी ह्यांना बसवून मी सकाळी तिकडं गेले. रोटासाठी घरातल्या एकेका पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू घेतात. मी त्या वर्षी लेकीच्या नावानंही सव्वा मूठ घेतले होते. जाऊबाईंनी वर पाहिलं, पण माझ्या तोंडाला लागायचं नाही हे त्यांना माहीत होतं. त्या पिठाच्या पुरणपोळ्या झाल्या, तुपानं माखल्या, नैवेद्य झाला. रोटाचे नियम कडक. तो भाऊबंदांतच खायचा, बाहेर द्यायचा नाही, टाकायचा नाही, आणि ज्याच्या नावाचा त्यानं नाही म्हणायचं नाही. पोरीच्या नावाचा रोट ताटात तसाच राहिला होता आणि सगळे माझ्याकडे बघत होते. नवस मी बोलले होते. जिच्यासाठी बोलले तिनंच तो खाल्ला नाही, तर तो फिटला कसा? मी रोट फडक्यात बांधला आणि संध्याकाळच्या आत रुग्णालयात आले.

हे चहा प्यायला खाली गेले तेव्हा मी फडकं सोडलं. वासानंच लेकीचे डोळे मोठे झाले. पण ती हात पुढं करेना. तिला सगळं पाठ झालं होतं. म्हणाली, "माय, यामा तूप शे ना?" आणि मी, तिला जन्म देणारी, तिच्यासाठी दहा दारांच्या पायऱ्या झिजवणारी मी म्हणाले, "हाऊ कानबाईना रोट शे. याले तूप म्हणतस नही." कानबाईच्या रोटाला तूप म्हणत नाहीत. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला. मी एकच घास देणार होते. पण ती इतक्या दिवसांनी अशी चवीनं खात होती की मला हात आवरेना. अर्धा रोट गेला. उरलेला मी खाल्ला आणि तिचं तोंड पदरानं पुसलं.

सकाळी बाटली पांढरी होती. निम्मी भरलेली. सिस्टरनं रेघ मारली, पट्टीकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उगाच बाहेर गेले. डॉक्टर आले, त्यांनी बाटली हलवून पाहिली, लेकीला तपासलं आणि मुंबईला फोन करायला गेले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. ते म्हणाले की बंद होत आलेली गळती पुन्हा एवढी सुरू झाली म्हणजे ती आपोआप थांबणार नाही. मुंबईचे डॉक्टर म्हणतात, वेळ घालवू नका, बुधवारी आणा, छाती उघडू.

आमचे हे उठले. तिकिटांचं बघतो म्हणाले आणि दाराकडे निघाले. त्या चार पावलांत माझ्या मनात जे आलं ते सांगायची मला लाज वाटते, तरी सांगते. मला वाटलं, गप्प बसावं. ऑपरेशन होईल, चांगले डॉक्टर आहेत, पोर वाचेलही, आणि कुणाला काही कळणार नाही. ह्यांची भीती वाटली. कानबाईच्या प्रसादानं पोरीला बाधलं असं आपल्या तोंडानं म्हणायची त्याहून जास्त भीती वाटली. मग लेकीनं बाबांना विचारलं, "आखो कापतीन का?" पुन्हा कापतील का. तिनं रडून विचारलं नाही, नुसतं विचारलं. मी जाऊन ह्यांची बाही धरली आणि म्हणाले, "थांबा. काल मी पोरीले रोट खावाडा. तूप लायेल."

डॉक्टरांना जेवढी मराठी येत होती तेवढ्यात कळलं. तरी मी त्यांना गुजरातीत पुन्हा सांगितलं, कारण एकदा सांगून माझं मन भरलं नव्हतं. मला वाटलं ते ओरडतील. ते स्टुलावर बसले. "केटलुं घी?" किती तूप? मी तळहाताची ओंजळ करून दाखवली. त्यांनी बाटलीकडे पाहिलं, माझ्या ओंजळीकडे पाहिलं, आणि मोठा श्वास सोडला. म्हणाले की मग ही गळती आपोआप वाढलेली नाही. काल दार उघडलं म्हणून आज पाणी आलं. त्याआधी ते थांबतच आलं होतं, म्हणजे फूट बुजतेय. "हमणां ऑपरेशन नथी करवुं." आता ऑपरेशन करायचं नाही. मग मुंबईला पुन्हा फोन करायला जाताना दारातून वळून म्हणाले, "साचुं कह्युं, ए सारुं कर्युं." खरं सांगितलंत, चांगलं केलंत. एवढ्या एका वाक्यासाठी मी त्या माणसाची जन्मभराची ऋणी आहे. त्यांना मला उभी जाळता आली असती आणि तो त्यांचा हक्क होता.

सिस्टर दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. माझ्या हातून औषधाची पुडीसुद्धा घेतली नाही.  आमचे हे संध्याकाळी एवढंच म्हणाले, "दार तूच उघाडं. आते तूच बंद कर." त्या माणसानं त्यानंतर आयुष्यात ती गोष्ट कधी काढली नाही. भांडणातसुद्धा नाही, आणि भांडणं आमची कमी झाली नाहीत.

जाऊबाईंनी दिलेलं रोटाचं थोडं पीठ अजून राहिलं होतं आणि ते पौर्णिमेच्या आत संपवायला लागतं. ते पोरीच्या वाट्याचं, टाकता येत नाही, आणि तुपाशिवाय रोट कसा करायचा? मी ह्यांना विचारलं. ते म्हणाले, "कानबाई कशाची मांडतो आपण?" नारळाची. शेंडीच्या नारळाला डोळे काढायचे, नथ घालायची, हिरवं लुगडं नेसवायचं आणि म्हणायचं ही कानबाई. मी जन्मभर नारळापुढं डोकं टेकत आले होते आणि त्याच्या तेलाला नाक मुरडत होते. सिस्टरकडे जाऊन मी चमचाभर खोबरेल मागितलं आणि कशाला हवंय ते सगळं सांगितलं. तिनं तेल मोजून दिलं. मग माझ्यामागं शेडपर्यंत आली आणि मी पोळी भाजून उतरवेपर्यंत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. माझ्यावर पाळत ठेवायला आली होती. पोळी झाल्यावर म्हणाली, "थोडा जल गया।" म्हणजे आमचं बोलणं पुन्हा सुरू झालं.

आणखी बारा दिवसांनी नळी निघाली. सहा आठवडे पथ्य सांगितलं होतं, ते मी असं पाळलं की गल्लीतल्या बायका आमच्या दारावरून ताट झाकून न्यायला लागल्या. लेक घराबाहेर खेळू लागली. एकदा ती पळताना पडली आणि गुडघा फुटला, तर मी गल्लीभर तो गुडघा दाखवत फिरले.

दीड महिन्यानं डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि म्हणाले, आता सगळं द्या, हळूहळू. लेक तेव्हा बाहेर बाकावर बाबांपाशी बसली होती. घरी येऊन मी गरम भात केला, वरण केलं, वर चमचाभर तूप सोडलं आणि ताट तिच्यासमोर ठेवलं. तिनं वास घेतला आणि दोन्ही हात मागं नेले.

"हे तूप शे."

मी म्हटलं, हो, तूपच आहे. डॉक्टरांनी आज सांगितलं, आता खायचं.

ती म्हणाली, "तू सांगस. त्यासनी माले नही सांगं."

तू सांगतेस, त्यांनी मला नाही सांगितलं. मला आधी राग आला, नेहमीसारखा. मग तो कुणावर काढायचा तेच कळेना. मी चुचकारलं, शपथ घेतली, तिच्या बाबांनी सांगितलं. तिनं पांढरा कोरडा भात खाल्ला आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा भात केला, तूप घातलं, डबा भरला आणि तिला घेऊन रुग्णालयात गेले. तपासणीची रांग दारापर्यंत होती. आमची पाळी आली तेव्हा लेकीनं स्वतः डबा उघडला, टेबलावर ठेवला आणि गुजरातीत विचारलं, "आ खाउं?" डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं की माझ्या शब्दावर ती खात नाही, आणि का खात नाही ते तुम्हाला माहीत आहे. ते उठले, कोपऱ्यातल्या बेसिनवर हात धुतले, बोटांनी भात कालवला आणि घास तिच्या तोंडापाशी नेला. "आमां घी छे, दीकरा. अने हवे तारे खावानुं छे." यात तूप आहे, बाळा, आणि आता तू ते खायचं आहेस.

ती त्यांच्या चेहऱ्याकडे बघत घास चावत राहिली, माझ्याकडे नाही. मग डबा मांडीवर घेऊन तिथंच खुर्चीत बसली आणि जेवायला लागली. मागून रांगेतली एक बाई ओरडली की इथं आजारी माणसं उभी आहेत, दवाखान्यात काय पंगत मांडलीय. मी आयुष्यात कुणाचं ऐकून घेतलेलं नाही. त्या दिवशी घेतलं. लेक जेवत होती, आणि तिचा डबा संपेपर्यंत मला या जगात दुसरं काहीही करायचं नव्हतं.